चिंचेवाले, पारावाले आणि बेगमबी

तेरणथडीतल्या झाडून साऱ्या बायकांची मनगटं बेगमबीच्या हाताखालून गेलेली होती. ती मूळची उदगीरची. लग्न होऊन आली ती गुलाम रसूलच्या मनियारी घरात. गुलाम रसूल लातूरच्या गोलाईच्या बाजारातून बांगड्यांचा माल आणायचा आणि बेगमबी गाठोडं डोक्यावर घेऊन घरोघर फिरायची. तिला मूलबाळ झालं नाही. पण गावात एकही नवरी अशी नव्हती जिच्या हातात हिरवा चुडा बेगमबीनं भरला नाही, आणि एकही बाळंतीण अशी नव्हती जिच्या पाचवीला ती चिमुकल्या काळ्या बांगड्या घेऊन गेली नाही. बांगडी भरताना ती समोरच्या बाईचा हात असा काही दाबायची, की बाईचं लक्ष दुखण्याकडं न जाता बोलण्याकडं जायचं. त्यामुळं गावातली निम्मी सुखदुःखं तिच्या कानावर पडलेली असत आणि तिच्यापाशीच राहत.

सगळ्यात जास्त तिचं बसणं-उठणं विठाबाईकडं. विठाबाई म्हणजे आप्पासाहेबांची बायको. आप्पासाहेब गावातले मोठे शेतकरी, नदीकाठची काळीभोर जमीन त्यांची, तिथली बारमाही पाण्याची विहीर त्यांची. घर मोठं, पण विठाबाईला त्या घरात बोलायला कुणी नव्हतं. बेगमबी आली की ती चुलीपुढं पाट टाकायची आणि म्हणायची, "बस गं बेगम. आज भरायच्या न्हाईत, नुसतं बस."

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तेरणथडी सगळं पडलं नाही. अर्धं गाव मातीला मिळालं आणि अर्धं तडे जाऊन उभं राहिलं. गुलाम रसूल भिंतीखाली जागच्या जागी गेला. बेगमबी आढ्याच्या लाकडाखाली अडकली होती. विठाबाईचं घर खचलं होतं, तिची तान्ही पोर पुनम अंगणात रडत होती, तरी तिनं आधी इकडं धाव घेतली. नखं उलटेपर्यंत तिनं हातानं दगड उपसले आणि बेगमबीला बाहेर ओढलं. गुलाम रसूलची कबर आप्पासाहेबांनी स्वतः खोदली, कारण मुसलमानांची घरं गावात चारच आणि त्यातले धडधाकट पुरुष कुणी उरले नव्हते. उजाडल्यावर एकेक मढं बाहेर निघायला लागलं. तोंडं ओळखू येत नव्हती. तेव्हा बेगमबी त्या ओळीतून फिरली आणि हात बघून नावं सांगत गेली. ही जांभळी नक्षी सुताराच्या सुनेची, ह्या पाटल्यांमधल्या हिरव्या गुरम्माच्या. सांगून झाल्यावर ती ओढ्याकाठी जाऊन भडाभडा ओकली.

त्यानंतरचे दिवस गाव एका पंगतीत जेवलं. लष्कराच्या तंबूत आप्पासाहेब आणि मांगवाड्यातला म्हातारा एकाच पातेल्यातली खिचडी खायचे. बसवंतनं दुकानाच्या ढिगाऱ्यातून निघालेलं सगळं धान्य मोकळं करून टाकलं. हा बसवंत गावातला आडत्या, बोलण्यात पटाईत, कुणाच्याही खांद्यावर हात टाकणारा. त्या दिवसांत त्याला रडताना बेगमबीनं पाहिलं होतं. तिला वाटलं, एवढं सगळं गेलं, पण माणसं माणसांत आली.

हे फार दिवस टिकलं नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर सरकारनं विचारलं, गाव आहे तिथंच बांधायचं की दीड कोसावरच्या माळावर हलवायचं? सगळं गाव पडलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण अर्धं उभं होतं, आणि तेच मुळावर आलं. ज्यांची घरं पडली त्यांना जायचं होतं. ज्यांची जमीन नदीकाठी होती त्यांना राहायचं होतं. हे झालं उघड उघड. आतून अजून बरंच होतं. माळाच्या कडेची पडीक जमीन बसवंतनं आधीच स्वस्तात उचलून ठेवली होती. गाव तिकडं गेलं की ती सोन्याची होणार, हे त्याला चांगलं माहीत होतं. आणि गाव हललं तर आपल्या विहिरीला, आपल्या शब्दाला कोण विचारणार, ही आप्पासाहेबांची भीती होती. पण दोघंही बोलायचे ते मेलेल्यांच्या नावानं. बसवंत म्हणायचा, "ज्या मातीनं आपली लेकरं खाल्ली तिथं परत निजायचं?" आप्पासाहेब म्हणायचे, "ज्या मातीत आपली लेकरं हायेत ती सोडून जायचं?"

साहेब आले. शाळेच्या मैदानात गाव जमलं. साहेब म्हणाले, "हे सार्वमत आहे. प्रत्येक प्रौढ माणसाचं एक मत." हात वर करायला सांगितलं तर दोन्ही बाजूंनी गलका झाला, कुणी दोन्ही हात वर करून राहिलं होतं. मग साहेब वैतागले. मैदानाच्या एका अंगाला चिंच होती, दुसऱ्या अंगाला मारुतीचा पार. ते म्हणाले, "ज्यांना जायचंय ते चिंचेखाली उभे राहा. ज्यांना राहायचंय ते पारापाशी."

बेगमबीला वाटलं, हे बरं नाही. चिठ्ठी टाकली असती तर कुणाचं मत काय ते पोटात राहिलं असतं. इथं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालत जायचं होतं. लोक उठले. नवरा एकीकडं निघाला आणि बायको दुसरीकडं बघत राहिली, असंही झालं. विठाबाई पुनमला कडेवर घेऊन आप्पासाहेबांच्या मागं पाराकडं गेली. बेगमबी उभीच राहिली. गुलाम रसूलची कबर इथं होती, हे खरं. पण दगडाच्या भिंतीखाली परत अंग टाकणं तिच्यानं होणार नव्हतं. ती चिंचेखाली गेली.

चिंच जिंकली. अगदी थोडक्यानं जिंकली. साहेबांनी कागदावर सही केली आणि जीप निघून गेली. त्यांच्या दृष्टीनं काम झालं होतं.

पारावाले म्हणाले, हे सार्वमत आम्हाला मान्य नाही. चिंचेखाली शेजारच्या वाडीची माणसं आणून उभी केली होती. चिंचेवाले म्हणाले, हरल्यावर सगळेच असं म्हणतात. वरती अर्ज गेले, कोर्टात तारखा पडल्या, आणि शेवटी जे व्हायचं तेच झालं. चिंचेवाले माळावर गेले. पारावाल्यांनी जुन्या जागेवर पत्रे ठोकून, तडे लिंपून घरं उभी केली. गावं दोन झाली, नाव एकच राहिलं. एस.टी.चा कंडक्टर विचारायचा, "कोणतं तेरणथडी? चिंचेचं का पाराचं?"

माळावर बेगमबीला एका खोलीचं सिमेंटचं घर मिळालं. ते कुणाच्या घराला टेकलेलं नव्हतं. सरळ रेषेत आखलेल्या रस्त्यांवर वारा घोंघावायचा आणि दारात बसलं तरी समोरच्या दाराशी बोलता येत नव्हतं, एवढं अंतर. तरी ती खूश होती. रात्री तिला झोप लागायची. सकाळी गाठोडं उचलून ती आधी माळावरची घरं करायची आणि मग दीड कोस चालून खाली जुन्या गावात जायची.

तिच्या लक्षात यायला लागलं ते इथूनच. आधी बायका बांगडी भरताना आपलं सांगायच्या. आता त्या दुसरीकडचं विचारायला लागल्या.

"खाली पत्रे गळायला लागले का गं? गळू दे म्हणावं, निजू दे आता पारावर."

"वर भिंतीला ओल आली म्हणतेत, खरं का बेगम? बरं झालं. हौस होती."

हेच सगळं हसत हसत. ज्यांच्या मांडीवर आपल्या माणसांनी जीव सोडला होता त्यांच्याबद्दल. बेगमबी नुसती पुढची बांगडी चढवायची. माळावर पाणी नव्हतं. आप्पासाहेबांनी विहिरीला कुंपण घालून कुलूप लावलं. चिंचेवाल्यांनी शाळा वर नेली, तेव्हा जाताना खालच्या शाळेचे फळे, खिडक्या, घंटासुद्धा उपसून नेली. तीन वर्षांत एकाही लग्नाला इकडचं माणूस तिकडं गेलं नाही. लग्नाचं एक ठीक. पण आप्पासाहेबांची आई वारली तेव्हा म्हातारीच्या हातचं ज्यांनी खाल्लं होतं त्यातलं माळावरचं कुणी खांदा द्यायला खाली उतरलं नाही. उलट त्याच दिवशी बसवंतच्या दुकानापुढं गाण्यांचा कर्णा लागला होता. बेगमबी एकटी खाली गेली. परत येताना तो कर्णा ऐकला आणि ती दुकानापुढून न जाता मागच्या वाटेनं घरी गेली.

सत्त्याण्णव साली विठाबाईच्या थोरलीचं, तारामतीचं लग्न ठरलं. विठाबाईनं निरोप धाडला, चुडा तूच भरायचा. बेगमबी स्वतः लातूरला गेली, गोलाईत तिच्या बहिणीचा मुलगा बिलाल आता बांगड्यांचा गाळा चालवायचा, त्याच्याकडून तिनं निवडून निवडून चुडा घेतला. लग्नाच्या आदल्या दिवशी ती नवं लुगडं नेसून आप्पासाहेबांच्या दारात उभी राहिली.

दारात पाहुणे बसले होते. आप्पासाहेब उठून पुढं आले. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "बेगमबी, मागं फीर."

"काय झालं आप्पा?"

"झालं काही न्हाई. चिंचेवाल्यांच्या हातचा चुडा माझ्या लेकीला नको. लोक बोलतेत."

"मी तारामतीच्या पाचवीला बांगड्या घातल्यात आप्पा. त्यावेळी चिंच कुठं होती?"

"तू उभी राहिलीस ना तिथं. सगळ्यांनी बघितलं."

बेगमबीनं त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. माजघराच्या दारात विठाबाई उभी होती. हळदीचे हात तसेच. दोघींची नजरानजर झाली. बेगमबी थांबली, तिला वाटलं, आता ही बोलेल. काहीही बोलेल. 'अहो, राहू द्या' एवढं जरी म्हणाली असती तरी पुरलं असतं. विठाबाईनं खाली बघितलं आणि पदरानं हात पुसत ती आत वळली.

गाठोडं डोक्यावर घेऊन बेगमबी दीड कोस चढून आली. ती रडली नाही. तिला वाईट वाटण्यापेक्षा घाण वाटत होतं, अंगावर काहीतरी सांडल्यासारखं.

बातमी तिच्या आधी माळावर पोचली होती. बसवंत दारात येऊन बसला. गेल्या तीन वर्षांत त्यानं कधी तिच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. तो म्हणाला, "बेगमआपा, हा तुझा एकटीचा अपमान न्हाई. आपल्या साऱ्या गावाचा हाय. आम्ही गप बसणार न्हाई."

"बसा की गप," बेगमबी म्हणाली. "माझं मी बघते."

पण बसवंत ऐकणाऱ्यातला नव्हता. निवडणूक तोंडावर होती. आठवड्याच्या आत त्यानं तहसीलवर मोर्चा काढला. बेगमबी नको नको म्हणत असताना तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्चीवर बसवलं आणि गळ्यात हार घातला. तहसीलपुढं कर्ण्यावर बसवंत बोलायला उभा राहिला. त्यानं सांगितलं की ह्या गरीब विधवेचे हात पिरगाळले. त्यानं सांगितलं की तिच्या हातातल्या बांगड्या दगडानं ठेचल्या. तिच्या जातीवरून, धर्मावरून काय काय बोलले ते मी माझ्या तोंडानं सांगू शकत नाही, असं म्हणून तो चक्क डोळे पुसायला लागला. लोक ओरडत होते. बेगमबीला ते भूकंपाच्या दिवसांतलं त्याचं रडणं आठवलं, आणि तेव्हाचंही खरं होतं की नाही, असा तिला पहिल्यांदा प्रश्न पडला.

ती खुर्चीवरून उठली. हार काढून तिनं ट्रॉलीच्या फाळक्यावर ठेवला आणि बसवंतच्या हातातला माईक ओढून घेतला.

"मला कुणी मारलं न्हाई," ती म्हणाली. आवाज एवढा मोठा निघालेला ऐकून ती स्वतःच दचकली. "हात कुणी पिरगाळले न्हाईत. दारातून परत लावलं, ते खरं. मला त्याची शरम वाटली, ते खरं. पण हे जे सांगायलेत ते खोटं हाय. आणि तुम्ही कोण मोठे लागून गेलात? आप्पाची म्हातारी मेली तवा तुम्ही कर्णा लावला. ते लेकरांचं पाणी बंद करतेत आणि तुम्ही लेकरांच्या शाळेची घंटा चोरता. मला तुमचाही हार नको अन् त्यांचंही दार नको. थुंकते मी तुमच्या चिंचेवर अन् पारावर."

कुणीतरी भोंग्याची वायर उपसली.

त्या दिवसापासून बेगमबी कुणाचीच राहिली नाही. खाली ती चिंचेची होतीच. वर ती आता फितूर झाली. उघड कुणी काही बोललं नाही. बायका दारातूनच म्हणायच्या, "लातूरहून आणल्या गं परवाच," आणि मनगट पदराआड न्यायच्या. सकाळी उठून बघावं तर उंबऱ्यावर तंबाखूची पिंक. ती राखेनं घासून काढायची. दुसऱ्या दिवशी परत. एकदा तिनं पिंक टाकणाऱ्याला पाठमोरं पाहिलं. त्याच्या मेलेल्या आईचा हात तिनं मढ्यांच्या त्या ओळीत ओळखला होता.

त्याच आठवड्यात तिनं बिलालला बोलावून घेतलं. बिलाल टेंपो घेऊन आला. म्हणाला, "खाला, घर का क्या करना?"

"पडा रहने दे," ती म्हणाली.

लातूरला आली आणि तिनं बांगड्या सोडल्या. बिलालला वाटलं होतं गाळ्यावर मदत होईल. पण कुणा बाईचा हात हातात घ्यायचा म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा. त्या सुमारास लातूर बदलत होतं. दहावी-बारावीच्या निकालानं गावाचं नाव झालं होतं आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं क्लासला येऊन राहायला लागली होती. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या. ज्याच्याकडं दोन खोल्या होत्या त्यानं वर अजून चार चढवल्या. देगलूरचे व्यंकटराव म्हणून एक कापसाचे व्यापारी होते, त्यांनी मुलींचं वसतिगृह काढलं आणि त्यांना फाटकावर बसायला, मुलींवर लक्ष ठेवायला भरवशाची बाई हवी होती. बेगमबी तिथं लागली. जिन्याखालची खोली मिळाली. मुली तिला आपा म्हणायच्या. कुणाला ताप आला तर ती रात्र जागायची, कुणी पेपर वाईट गेला म्हणून रडत बसली तर तिला दोन शिव्या देऊन जेवायला बसवायची. गाव कोणतं विचारलं तर म्हणायची, लातूर.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. मग एका जूनमध्ये व्यंकटराव तिला म्हणाले, "बेगमम्मा, वरची कोपऱ्यातली खोली दोघींना दिलो. एकाच ऊरच्या, एकाच गावच्या हायेत. एकमेकींना आधार होतो, मंची आहे, चांगलं आहे."

एक होती पुनम, विठाबाईचं शेंडेफळ. दुसरी शिवकांता, बसवंतची नात. बेगमबीनं नावं ऐकली आणि त्या खोलीची किल्ली काढून दिली. पुनमला तिनं तान्ही पाहिलं होतं, मग परकरी. शिवकांता तर भूकंपाच्या साली दारात रांगायची. दोघींनाही ही फाटकावरची म्हातारी कोण ते कळायचं कारण नव्हतं. बेगमबीला आत कुठंतरी बरंही वाटलं. भूकंप झाला तेव्हा ह्या दुधपित्या होत्या. चिंच नाही, पार नाही. एका ताटात जेवतील.

पंधरा दिवसांत वरून भांडणाचा आवाज आला. बेगमबी जिना चढून गेली. खोलीच्या मधोमध दोघींनी चादर टांगली होती.

"ही काय तऱ्हा?" बेगमबीनं विचारलं.

"आपा, मला दुसरी खोली द्या," पुनम म्हणाली. "हे चिंचेवाले लोक हायेत. ह्यांनी आमची शाळा लुटली."

"आणि ह्यांनी आमचं पाणी बंद केलं!" शिवकांता चादरीपलीकडून ओरडली. "आजोबा सांगतात ना. हे पारावाले माणसं न्हाईतच. आपा, तुम्हाला माहीत न्हाई. आमच्याकडं एक मुसलमान बाई होती, बांगड्या भरायची. बिचारी ह्यांच्या घरी लग्नाला गेली तर ह्यांनी तिचे हात दगडानं ठेचले. त्यातच मेली ती."

"खोटं!" पुनम उसळली. "ती बाई ह्यांनीच पाठवली होती. पढवून. फुटक्या बांगड्या घेऊन आली होती माझ्या ताईच्या लग्नात, अपशकुन करायला. नंतर पैसे खाऊन मोर्चात नाचली. सगळ्या गावाला माहीत हाय."

बेगमबी खाटेच्या कडेला बसली. तिला वाटलं आपण कुणाच्या तरी मैताला आलोय आणि मढ्यावरचं कापड काढलं तर खाली आपणच. तिनं दोघींच्या तोंडाकडं पाहिलं. चांगल्या हुशार पोरी. एक डॉक्टर होणार म्हणत होती, एक इंजिनियर.

"ती बाई मेली न्हाई," ती म्हणाली. "आणि फुटक्या बांगड्याही नव्हत्या. ती मीच."

मग बेगमबीनं सगळं सांगितलं. दार, हळदीचे हात, ट्रॉली, भोंगा. काही वाढवलं नाही, काही झाकलं नाही. तिला वाटलं होतं, खरं ऐकून पोरींना लाज वाटेल.

पुनम म्हणाली, "म्हणजे हात ठेचले न्हाईत ना? बघ, तुझे आजोबा खोटारडेच निघाले."

शिवकांता म्हणाली, "पण दारातून हाकललं का न्हाई? ते तर खरं निघालं ना?"

दोघींनी आपापल्या सोयीचं तेवढं उचललं आणि त्यावरच पुन्हा जुंपली. बेगमबी उठली. जिना उतरून ती फाटकावरच्या आपल्या जागेवर जाऊन बसली.

दोघींनी घरी फोन केले असणार. रविवारी भेटीच्या वेळेला आप्पासाहेबांची जीप आली. मागोमाग बसवंतची गाडी. दोघं म्हातारे झाले होते. आप्पासाहेबांच्या हातात काठी होती, बसवंतला धाप लागत होती. अंगणात एकमेकांना पाहिलं आणि दोघंही जणू परवाच मैदानातून उठून आल्यासारखे तरणे झाले. व्यंकटराव मध्ये हात जोडून उभे. "साहेब, साहेब, पोरी शिकायला आल्यात ना," असं म्हणत होते. कुणी ऐकत नव्हतं. शेजारच्या गच्च्यांवरून क्लासची पोरं गंमत बघत होती.

विठाबाई जीपमधून उतरून हळूहळू भिंतीकडेनं बेगमबीच्या खोलीपाशी आली. केस पांढरे झाले होते. ती आत येऊन खाली बसली आणि बेगमबीचा हात धरायला गेली. बेगमबीनं हात मागं घेतला.

"पुनमनं फोनवर सांगितलं तू इथं हायेस म्हणून," विठाबाई म्हणाली. "बेगम, त्या दिवशी मी बोलले न्हाई. इतकी वर्षं मला ते खातंय."

बाहेर आप्पासाहेब काठी आपटत ओरडत होते, "ह्या लोकांच्या सावलीला माझी लेक ठेवणार न्हाई!"

बेगमबीनं मानेनंच तिकडं खुणावलं. "आजही कुठं बोलायलीस, विठाक्का?"

बेगमबी पुढं म्हणाली, "माझ्यापाशी येऊन कानात सांगतीस. मला सांगून काय? माझं झालं ते झालं. तुला खरं सांगू, मला आता तुमचा कुणाचा राग येत न्हाई. नुसती किळस येते. उष्टं सडलेलं बघून यावी तशी. तू माझ्यासाठी नखं उलटी केलीस, ते मी मरेपर्यंत विसरणार न्हाई, आणि तरी येते."

विठाबाई भिंतीला धरून उठली आणि अंगणात गेली. बेगमबीनं खिडकीतून पाहिलं. विठाबाई दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये उभी राहिली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्या गच्च्या गप झाल्या.

"पुनम इथंच राहील. त्याच खोलीत. तिची परीक्षा हाय."

"तू आत बस," आप्पासाहेब म्हणाले.

"मी पंधरा वर्षं आतच बसले," विठाबाई म्हणाली. "आता तुम्ही जीपमध्ये बसा."

आप्पासाहेबांनी इकडं तिकडं पाहिलं. बायको चारचौघांत आपल्याला असं बोलू शकते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बसवंतला हसू आलं. त्यावर विठाबाई त्याच्याकडं वळली. "हसू नका अण्णा. तुमच्या नातीला विचारा, मेलेली बाई इथं फाटकावर कशी बसलीय ते." बसवंत गाडीकडं निघाला.

पुनम राहिली. शिवकांताही राहिली. ह्या दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या, असं कुणाला वाटेल. तसं काही झालं नाही. चादर टांगलेलीच होती, फक्त दिवाळीनंतर तिला कुणी रोज सरळ करीनासं झालं. दोघी बारावी झाल्या. एक नांदेडला गेली, एक पुण्याला. जाताना दोघी वेगवेगळ्या वेळी येऊन बेगमबीच्या पाया पडल्या.

विठाबाई वर्षभर महिन्यातून एकदा यायची. बेगमबी तिला चहा द्यायची, दोघी उन्हात बसायच्या. विठाबाई गावचं सांगायला लागली की बेगमबी म्हणायची, "ते सोड. गुडघे कसे हायेत सांग." पूर्वीसारखं बसणं मात्र जमलं नाही. विठाबाईला ते कळत होतं, तरी ती यायची.

पुढं एकदा बसवंतच्या मुलानं निरोप आणला. दोन्ही तेरणथडी मिळून एक ग्रामपंचायत ठेवायची की दोन करायच्या, ह्यावर ग्रामसभा होती. बेगमबीचं नाव अजून माळावरच्या मतदारयादीत होतं, गाडी पाठवतो म्हणाला. जेवणाची सोय आहे, म्हणाला. बेगमबी फाटकापाशी बसून मुलींसाठी आलेले डबे ओळखून ओळखून लावत होती. तिनं मान वर केली नाही.

"मी कुठं उभी राहू म्हणतोस?" तिनं विचारलं.

तो म्हणाला, "आमच्याकडंच की, आपा. तुम्ही तर आमच्याच."

"जा बाबा," ती म्हणाली. "फाटक लावून घे जाताना, कुत्री येतेत आत."